बंद पडलेला रेडिओ भंगारात देऊ नका, मंडळाला द्या (आणि एक रविवारही द्या)

नमस्कार मंडळी,

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गडबड आहे, पोराबाळांना घेऊन होम मैदानावर जायचंय, सगळं मान्य. तरी हे शेवटपर्यंत वाचा ही हात जोडून विनंती, कारण १३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन आणि त्याच्या आत शहरात एएम रेडिओ कुठं किती नीट लागतो याच्या नोंदणीचं जे काम उरकायचंय त्याला हातात जेमतेम चार रविवार उरलेत. रात्री साडेअकराला बसून टाइप करतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय आपल्या रेडिओ मंडळाचा जुनाच, मीडियम वेव्ह, म्हणजे रेडिओवरचा एएमचा बँड. दिवाळीनंतर अध्यक्ष, खजिनदार काका आणि मी असे तिघं निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी नीट बसवून घेतलं, चहा मागवला, निवेदन वाचलं आणि एकच विचारलं, "एएम सोलापुरात आता किती जण ऐकतात, कुठल्या भागात नीट लागतं, काही नोंद आहे का तुमच्याकडं?" तिघंही गप्प. इतक्या वर्षांचं मंडळ आपलं, आठवणी पोतंभर, पण दाखवायला कागद एक नाही. परत येताना सात रस्त्यापर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

देशभर गेल्या काही वर्षांत छोटे मीडियम वेव्ह ट्रान्समीटर एकेक करून बंद होत गेले आणि त्या जागी एफएम आलं. मशिनरी जुनी झाली, ऐकणारे कमी झाले, असं म्हणतात. एफएमला आपला विरोध नाही हे मी दरवेळी सांगतो, आवाज स्वच्छ असतो, मोबाईलवर पण लागतं. पण एफएमची लहर सरळ रेषेत जाते, अँटेनाच्या नजरेच्या टप्प्यापर्यंत. मीडियम वेव्ह दिवसा जमिनीला धरून जाते आणि अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब पोचते. आणि शहर वाढलं की अडचण जागेची पण होते. सोलापूर १६०२ किलोहर्ट्झला लागायचं, काटा पार उजव्या टोकाला नेला की. त्या लहरीची लांबी १८७ मीटर, तिच्या पाव लांबीचा अँटेनाचा खांब म्हटलं तरी ४७ मीटरच्या आसपास, शिवाय खांबाभोवती जमिनीत तांब्याच्या तारा पुरायच्या, म्हणजे मोकळी जागा हवी. जुळे सोलापूर कसं भरत गेलं ते आपण बघितलंय, मोकळी जागा कोणाच्या डोळ्यात भरत नाही सांगा.

आपल्या गावाला तर या बँडची सवय वेगळीच होती. एकाच घरात, एकाच काट्यावर तीन भाषा, मराठी, कन्नड आणि तेलुगू. सकाळी पुणे ७९२ च्या बातम्या, नीट लागलं तर सांगली १२५१, आमच्या शेजारच्या आज्जींना गुलबर्गा ११०७ नाहीतर धारवाड ७६५ शिवाय करमायचं नाही, आणि पूर्व भागात रात्री जेवणं झाली की घराघरातून हैदराबाद ७३८. विडी वळणाऱ्या अक्का सांगतात ना, हात पानात, डोळे सुपात, मोकळे फक्त कान. त्यांना टीव्हीचा उपयोग नाही, मोबाईल हातात धरता येत नाही. रेडिओ लागतो तो त्यांना.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते का? गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते आणि चारच्या सुमाराला सगळं हललं. आमची अख्खी गल्ली रस्त्यावर, कोणीतरी स्कूटरच्या सीटवर ट्रान्झिस्टर ठेवला आणि पन्नास माणसं त्याच्याभोवती. किल्लारीचं नाव मी पहिल्यांदा त्या गर्दीत ऐकलं. आता गेल्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीला पुणे हायवे बंद पडला, मोहोळकडच्या आमच्या पाहुण्यांकडं दोन दिवस लाईट नाही, फोन मेलेले, तेव्हा चालू होता तो मंडळानं दुरुस्त करून दिलेला दोन सेलचा रेडिओचा डबा. त्यांचा फोन लागल्यावर पहिलं वाक्य हेच होतं. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

तो डबा दुरुस्त केला होता साखर पेठेतल्या मामांनी. मामांबद्दल किती लिहू? गेली दहा-बारा वर्षं मंडळाकडनं मजुरीचा एक रुपया घेतला नाही. डायलची दोरी तुटलेली, गँग (स्टेशन बदलायचा भाग) अडकलेला, स्पीकरचा कोन उंदरानं खाल्लेला, आयएफ कॉइल (आतली स्टेशन वेगळं काढणारी गुंडाळी) कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून बिघडवलेली, असला सेट पण मामा टाकून देत नाहीत, "बघू की वो" म्हणतात आणि आठ दिवसांनी गाणं लावून हातात देतात. आता त्यांचा उजवा डोळा अधू झालाय, सोल्डरिंग एकट्याला होत नाही. भवानी पेठेतल्या चादरवाल्या शेटनी कारखान्यातली माळ्यावरची खोली बिनभाड्यानं दिली, वर दर गड्ड्याला चहाचा खर्च त्यांचाच. बाळीवेशीतल्या काकूंनी यजमानांचा लाकडी व्हॉल्व्हचा सेट दिला, देताना पदर डोळ्याला लावला होता, तो आजही आपल्या खोलीत आहे, चालू आहे. शाळेतले सर, ज्यांनी पोरांना फेराइट रॉड, म्हणजे सेटच्या आतली अँटेनाची कांडी, काय असते ते शिकवलं, सेट फिरवला की आवाज कमीजास्त का होतो ते दाखवलं. आणि पोस्टातनं रिटायर झालेले आपले अण्णा, ज्यांनी शंभर निवेदनं स्वतःच्या हातानं लिहिली. अण्णा आता नाहीत. हे काम त्यांच्या मनातलं होतं.

म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. गेल्या वर्षी हीच नोंदणी करायचं ठरलं होतं. ग्रुपवर दोनशेवर लोक, अंगठे किती आले, "छान उपक्रम" किती आलं, आणि रविवारी पहाटे आलो आम्ही सहा जण. त्यातले दोघं सत्तरीच्या पुढचे. सहा जणांत शहर होत नाही, हद्दवाढीनंतर तर नाहीच, काम अर्धवट राहिलं आणि म्हणूनच त्या साहेबांपुढं मान खाली घालावी लागली. राग नाही, पण लागलंय मनाला.

काम सोपं आहे. आपल्या भागात एएमचा सेट घेऊन बसायचं, वेळ, जागा, कुठलं स्टेशन, आवाज किती स्पष्ट, फॉर्मवर लिहायचं. दोनदा ऐकायचं, एकदा घरातलं सगळं चालू असताना आणि एकदा मेन स्विच बंद करून. कारण खरखर असते ती पुष्कळ वेळा स्टेशनची नसतेच, स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे याच बँडमध्ये घाण सोडतात आणि एएम सेटला ती गाळता येत नाही. मेन बंद केल्यावर आवाज सुधारला तर सिग्नल आहे, दोष घरात आहे, हे कागदावर येईल. स्लॅबच्या घरात खिडकीपाशी नाहीतर गच्चीवर बसा. काहीच लागलं नाही तर तेही लिहा, रिकामा फॉर्म पण हवाय. हे सगळं जोडून मागणी अशी करायचीय की मीडियम वेव्हचा निर्णय श्रोत्यांना विचारल्याशिवाय होऊ नये, आणि एएमच्या बँडवरच डिजिटल प्रसारण करायची सोय जेव्हा वाढेल तेव्हा सोलापूरचा विचार व्हावा.

आता काय पाहिजे ते. रविवार १८ आणि २५ जानेवारी, १ आणि ८ फेब्रुवारी, पहाटे साडेसहा ते साडेसात आणि रात्री साडेनऊ ते साडेदहा, यातला एक तरी तास. शेळगी, बाळे, केगाव, देगाव, विडी घरकुल, होटगी रोड इथं माणसं कमी आहेत, तिथले कोणी असाल तर आधी कळवा. सेट नसेल तर मंडळ देईल, सेल आपले आपण घाला. जुने रेडिओ चालू-बंद कसेही चालतील, मामांच्या दुकानी संध्याकाळी सहानंतर, सोमवारी दुकान बंद. पैसे: एका सेटला सामान धरून ४०० ते ५०० जातात, ६० सेट करायचेत म्हणजे ३०,००० धरा, फॉर्म छपाई आणि पेट्रोल ६,०००, जमलेत ७,५००. शंभर रुपये पण चालतील, खजिनदार काकांकडं रोख द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. सोल्डरिंग येणारी दोन पोरं मामांच्या हाताखाली रोज तासभर हवीत, आयटीआयवाले असतील तर फार बरं. फॉर्म शुक्रवारपासून माळ्यावरच्या खोलीत मिळतील, किल्ली खालच्या वॉचमनकडं आहे.

आपला,
सेक्रेटरी