कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्री मामांना

मेस्त्री मामा, सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या दुकानातून निघताना तोंडून शब्दच फुटेना. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

२०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि माझं मासे धरायचं सेंटरपिन रीळ आठवडाभर गाळात पडून राहिलं. जुन्या बाजारातून बाराशेला घेतलेलं, साडेचार इंची. घेताना बघितलं होतं ते एवढंच, की ड्रम डुगडुगत नाही ना आणि पीन सरळ आहे ना. या रिळाला गिअर नाही. एका पिनीवर ड्रम फिरतो, एका फेऱ्यात जेमतेम फूटभर तंगूस (गळाची दोरी) येतो. पण पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची कांडी धारेला लागली की नुसत्या पाण्याच्या ओढीनं तो फिरायला हवा, सगळी मजा त्यातच. गाळाच्या कणांनी पीन खरवडली आणि ड्रम अडायला लागला.

ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं गळ नि शिसं घेतो, त्यांनी हातातसुद्धा न घेता 'भंगारात टाका' म्हणून सांगितलं. दुसऱ्या एकानं तीन आठवडे ठेवून घेतलं आणि आत ग्रीस कोंबून परत दिलं. ड्रम आणखी जड झाला, वर रेती चिकटायला लागली. पैसे गेले त्याचं काही नाही. तीन आठवड्यांत एकदा तरी बोटानं फिरवून बघायचं होतं! हे अजून खुपतं. तरी तसंच अडत अडत वापरत राहिलो.

तुम्ही पीन पॉलिश केलीत, गनमेटलचा नवा बुश, म्हणजे पिनीवर बसणारी नळी, बसवलात. 'जास्त काढलं तर परत घालता येत नाही' म्हणत थोडं थोडंच घेत राहिलात. शेवटी फुंकर मारलीत आणि ड्रम कितीतरी वेळ फिरत राहिला.

पण मामा, माझ्या मनात राहिलंय ते त्यानंतरचं. पैसे द्यायला हात पुढं केला तर तुम्ही माझा अंगठा धरलात. "हे काय झालंय?" या रिळाचा ब्रेक म्हणजे अंगठा, मासा पळाला की ड्रमच्या कडेवर तो टेकवायचा. कडेला एके ठिकाणी बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कपची, होती, ती दरवेळी कापायची. मी ते चालायचंच म्हणून सोसत आलो होतो. तुम्ही रीळ परत मागून घेतलंत, माझा अंगठा कडेवर ठेवायला लावलात, "इथं का? का इथं?" विचारत राहिलात. बारीक कानस, मग पॉलिश पेपर. मग स्वतःचा अंगठा सगळ्या कडेवरून फिरवलात आणि मगच रीळ माझ्या हातात दिलंत. त्याचे वेगळे किती विचारलं तर, "त्याचं कसलं पैसं?"

इथल्या कारखानदारीचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं हे गाव. इंजिनाच्या कास्टिंगवर आयुष्य काढलेल्या माणसाला बाराशेच्या रिळापायी अर्धा दिवस मोडायची काही गरज नव्हती. तुम्हाला रिळामागचा माणूस दिसला. अशी माणसं अजून आहेत, म्हणून या गावात जीव रमतो.

रविवारी प्रयाग चिखलीला संगमाच्या खालच्या अंगाला बसलो होतो. कांडी धारेबरोबर लांब गेली, ड्रम कुठंच अडला नाही. किलोभराचा रोहू लागला, पळाला, मी अंगठा टेकवला. कड अगदी गुळगुळीत. घरी येऊन तुम्ही सांगितल्याप्रमाणं पीन पुसली आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला.

अंगठ्यावरची चीर आता भरत आलीय.

आपला,
शुक्रवार पेठेतला रीळवाला