रमाबाईंचा विश्वास आणि खिळे जुळवणाऱ्या मुली

माननीय संपादक,

दर वर्षी 5 एप्रिलला, पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनी, आमच्याकडील ख्रिस्ती मंडळ्यांत भाषणे होतात आणि बहुतेक वक्ते एकच हकिकत सांगतात: जवळ पैसा नव्हता, बाईंनी प्रार्थना केली आणि देवाने पुरवले. ते खोटे नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणताना त्यांच्या पोटाची तजवीज आधी झालेली नव्हती, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमाचा संसार दोन हजारांच्या घरात गेला तरी देव अभिवचन पाळतो या भरवशावरच त्यांनी तो चालवला. माझी तक्रार एवढीच की, ऐकणाऱ्याला धान्य जणू दळून-शिजवून आभाळातूनच उतरले असे वाटते.

1889 साली रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले ते बॉस्टनच्या मंडळींनी दहा वर्षांच्या मदतीची हमी घेतल्यावर. सुंदरबाई पवारांनी कामाचा भार उचलला, अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स 1898 पासून केडगावात राबल्या, आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा तर आईच्या कामातच खर्ची पडून 1921 साली आईच्या आधी गेली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे श्रम रमाबाईंचे. पण त्याचे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवले, फर्मे छापले ते मिशनच्याच छापखान्यातील मुलीबायांनी, आणि संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर बाहेर पडला. हे काम त्यांच्यावर सोपवताना रमाबाईंचा देवावरचा विश्वास काही उणा झाला नव्हता.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना आपण रोप लावले आणि सहकारी अपुल्लोसाने पाणी घातले हे नाव घेऊन सांगितले आणि वाढ मात्र देवाची म्हटली. आमच्या मंडळीचे सभागृह झाले तेव्हा आभार देवाचे आणि पाळकांचे मानले गेले. पापड-लोणची विकून विटांचे पैसे जमवणाऱ्या भगिनी मागच्या बाकांवर बसून टाळ्या वाजवत होत्या. (त्यांना याचे वाईट वाटले नाही, असे त्या म्हणतात, मला वाटले.)

येत्या 5 एप्रिलला वक्त्यांनी सुंदरबाई आणि मनोरमा यांची नावे घ्यावीत, आणि छापखान्यातील मुलींसाठी निदान दोन वाक्ये राखून ठेवावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, दौंड