हरकती-सूचना मागवता, तर जिनच्या काट्यापाशी या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कापडावर ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी कोणत्या अटींवर लागावी, याचे नियम बदलताना जाहीर हरकती-सूचना मागवण्याची पद्धत आहे. ‘गॉट्स’ या नावाने ओळखले जाणारे सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक दर तीन वर्षांनी सुधारले जाते. त्याची सहावी आवृत्ती २०२० मध्ये आली, सातवी २०२३ मध्ये. आपल्याकडे ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणामार्फत चालणाऱ्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. या कागदांतल्या एकेका कलमावर यवतमाळ, अकोला, अमरावती, जळगावकडच्या सेंद्रिय कापूस उत्पादकाचा भाव ठरतो. त्यामुळे पुढच्या मसुद्यांच्या वेळी विचार व्हावा म्हणून काही मुद्दे आपल्या पत्रातून मांडत आहोत.

साखळीत कापूस, रुई, सूत, कापड, कपडा असे टप्पे येतात. सूतगिरणीपासून पुढे नियमांचा पहारा कडक आहे. रसायनांच्या याद्या आहेत, सांडपाण्याच्या अटी आहेत, प्रत्येक विक्रीला व्यवहार प्रमाणपत्र म्हणजे ‘टीसी’ लागते. पण खोट शिरते ती त्याच्या कितीतरी आधी, बियाण्याच्या पाकिटापासून जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यापर्यंतच्या टप्प्यात. ऑक्टोबर २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केले की भारतातला सुमारे २० हजार टन कापूस बनावट टीसी दाखवून सेंद्रिय म्हणून विकला गेला. १७० किलोची एक गाठ धरली तर ही १ लाख १७ हजारांहून अधिक गाठींची फसवणूक होते. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाची नक्कल केलेल्या पानावर नेत होता. म्हणजे कागद तपासणारा माणूस कागदच तपासत राहिला आणि कापूस कोणीच पाहिला नाही.

आकडा कसा फुगतो ते नीट समजून घ्यायला हवे. समजा, एकत्र प्रमाणपत्र घेणाऱ्या एका गटात ५०० शेतकरी आहेत आणि प्रत्येकाचा ४ एकर कापूस, म्हणजे एकूण २ हजार एकर. कोरडवाहू सेंद्रिय कापूस एकरी ४ क्विंटल झाला तर गटाचे खरे उत्पादन ८ हजार क्विंटल. हंगामाआधी गटाच्या नोंदवहीत उत्पादनाचा अंदाज लिहितात. तिथे एकरी ७ क्विंटल लिहिले की कागदावर १४ हजार क्विंटल तयार. मधल्या ६ हजार क्विंटलची जागा खेडा खरेदीतला, म्हणजे व्यापाऱ्याने गावात येऊन रोखीने घेतलेला, साधा बीटी (जनुकीय बदल केलेला, सेंद्रियात न चालणारा) कापूस भरून काढतो. ३४ टक्के रुईचा उतारा, म्हणजे शंभर किलो कापसातून सरकी काढून ३४ किलो रुई, धरला तर ५ क्विंटल कापसाची एक गाठ पडते, म्हणजे एका गटातून १,२०० गाठी ‘सेंद्रिय’ होऊन बाहेर पडतात. यात एकही कागद खोटा नसतो. टीसी खरी, क्यूआर कोड खरा, फक्त अंदाज खोटा.

म्हणून मसुद्यात अंदाजाची एक नोंद पुरेशी नाही. पेरणीनंतर उगवण पाहून, सप्टेंबरमध्ये झाडावरची बोंडे मोजून आणि पहिल्या वेचणीनंतर प्रत्यक्ष वजन पाहून असा तीनदा अंदाज घ्यावा, आणि शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा जास्त निघाला तर टीसी थांबवावी. बोंडअळी किंवा परतीच्या पावसाने उत्पादन घटले आणि गटाची विक्री मात्र जशीच्या तशी राहिली, तर एवढ्यावरूनच चौकशी लागायला हवी. ओलाव्याचाही हिशेब धरावा. पहिल्या वेचणीचा कापूस दमट असतो. १२ टक्के ओलाव्याचा कापूस ८ टक्क्यांवर आला की शंभर किलोमागे चार-साडेचार किलो वजन उतरते. काटा पावतीवर ओलाव्याचा रकाना नसेल तर ही घट मिश्रण लपवायला कामी येते.

बियाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज बहुतेक क्षेत्र बीटीखाली आहे. बाजारात बिगर-बीटी बियाणे मागायला गेले की दुकानदार चोरबीटी, म्हणजे परवानगी नसलेले बीटी बियाणे, पुढे करतो, पण साधे वाण त्याच्याकडे नसते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे ‘सुरज’, अकोला विद्यापीठाचे देशी ‘एकेए-७’, परभणीचे ‘पीए-२५५’ असे सरळ (संकरित नसलेले) वाण आहेत आणि त्यांचे बियाणे शेतकरी पुढच्या वर्षी राखून ठेवू शकतो. अडचण अशी की राखीव बियाण्याचा कापूस गावच्या मोठ्या जिनवर नेला तर आधीच्या गाडीची बीटी सरकी त्यात मिसळते आणि पुढच्या वर्षी प्रामाणिक शेतकऱ्याच्याच शेतात बीटी झाडे उगवतात. चाचणीत तोच दोषी ठरतो. बियाण्याची सरकी वेगळ्या छोट्या रेच्यावर (सरकी काढण्याच्या यंत्रावर) काढणे ही अट मसुद्यात हवी आणि प्रत्येक गटाला असा एक रेचा मिळण्याची सोयही हवी. नुसती अट घातली तर तिचा बोजा पुन्हा शेतकऱ्यावरच पडेल.

चाचणी कठीण नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा छोट्या नळीत ठेचायचा, द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पट्टी बुडवायची. पाच-दहा मिनिटांत एक रेघ उमटली तर बीटी नाही, दोन उमटल्या तर आहे. एकही रेघ आली नाही तर पट्टीच खराब, चाचणी पुन्हा. कापसातल्या जनुकीय बदलाच्या तपासणीसाठी २०१९ मध्ये ‘आयडब्ल्यूए ३२’ ही आंतरराष्ट्रीय पद्धतही ठरली आहे. पण चाचणी जितकी उशिरा, तितकी ती निरुपयोगी. रुई ब्लीच होऊन रंगवली गेली की डीएनए इतका तुटतो की निकालावर भरवसा ठेवता येत नाही. तयार शर्ट प्रयोगशाळेत पाठवून तो सेंद्रिय आहे का, याचे उत्तर मिळत नाही. हे ग्राहकांनीही लक्षात घ्यावे.

आणि बीटी नाही म्हणजे सेंद्रिय, असेही नव्हे. सुरज वाण लावून त्याला युरिया दिला तर पट्टीवर एकच रेघ येईल. यावर उपाय एकच, निरीक्षकाने योग्य वेळी शेतात असणे. बाह्य निरीक्षक गटातल्या सगळ्यांकडे जात नाही. वर्षानुवर्षे वर्गमुळाचा नियम वापरात राहिला, म्हणजे गटातल्या शेतकऱ्यांच्या संख्येचे वर्गमूळ निघेल तितक्यांची तपासणी. ५०० शेतकऱ्यांच्या गटात किमान २३ जणांची तपासणी होते, जोखीम जास्त असेल तर थोडी अधिक. युरोपीय संघाच्या नियमात ५ टक्के, म्हणजे २५. आकडा जवळजवळ सारखाच, आणि आमच्या मते खरा वाद आकड्याचा नाहीच. या भेटी बऱ्याचदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कापूस फुटलेला असताना होतात. तेव्हा शेत सुंदर दिसते, पण बियाण्याचे पाकीट, खताचे पोते, फवारणीचा डबा यांपैकी काहीही बांधावर उरलेले नसते. निम्म्या भेटी जुलै ते सप्टेंबरमध्ये आणि न कळवता व्हाव्यात. ज्या शेतकऱ्याच्या एका तुकड्यात सेंद्रिय आणि शेजारच्या तुकड्यात बीटी कापूस आहे, त्याचा फवारणी पंप वेगळा आहे का, हे पाहावे. सेंद्रिय तुकड्यात कीटकनाशकाचा अंश येण्यामागे एकच पंप धुऊन वापरणे हे आपल्याकडचे सर्रास कारण आहे आणि त्यामागे लबाडी नसते, दुसऱ्या पंपाला पैसे नसतात.

जिनिंगमध्ये सेंद्रिय कापूस साध्या कापसानंतर चालवायचा तर आवार झाडणे पुरत नाही. कापूस ओढणारा पाइप, ट्रॉली, रेच्यांखालचा पट्टा, रुईचे खोले आणि प्रेसची पेटी या प्रत्येक ठिकाणी आधीचा माल अडकून राहतो. स्वच्छतेनंतर पडणाऱ्या पहिल्या दोन गाठी साध्या मालात धराव्यात, अशी आमची सूचना आहे. लॉट क्रमांक गाठीवर लिहिण्यापूर्वी कापसाच्या ढिगावर लावावा. ढीग एकत्र झाले की नंतरचा क्रमांक हा केवळ रंगाचा डाग.

आता पैशांकडे येऊ. टीसीवर वजन, लॉट क्रमांक, विकणारा, घेणारा सगळे असते. शेतकऱ्याला किती भाव मिळाला, हे मात्र त्यात नसते. सेंद्रिय कापसाचा बोनस करारात कबूल होतो, पण तो महिन्यांनी हातात पडतो आणि खेडा खरेदीचा व्यापारी त्याच दिवशी रोख मोजतो. घरात लग्न किंवा दवाखाना निघाला की शेतकरी माल रोखीत देतो, गटाचा आकडा तुटतो आणि तो भरायला बाहेरचा कापूस येतो. मिश्रणाचे मूळ पुष्कळदा इथे असते. पहिल्या टीसीवर शेतबांधाचा भाव आणि बोनस दिल्याची तारीख हे दोन रकाने वाढवले तर खोटेपणा करणाऱ्याला अडचण होईल आणि प्रामाणिक गटाला पुरावा मिळेल. ब्रँडना साखळीत पारदर्शकता हवी असेल, तर तिची सुरुवात या दोन रकान्यांपासून व्हावी. दोन वर्षांच्या रूपांतर काळात शेतकरी सेंद्रियाचे सगळे नियम पाळतो आणि कापूस साध्या भावाने विकतो. त्या काळातल्या कापसाला वेगळी चिठ्ठी लावण्याची तरतूद गॉट्समध्ये आहे, पण तो कापूस बोनस देऊन घेण्याची हमीही खरेदीदारांकडून लेखी घ्यावी.

प्रमाणपत्र कोणाच्या नावावर, हाही प्रश्न आहे. आजवर ते बहुतेक वेळा गट चालवणाऱ्या कंपनीच्या वा संस्थेच्या नावे असायचे. शेतकऱ्याला दुसरीकडे चांगला भाव मिळाला तरी तिथे त्याचा कापूस सेंद्रिय ठरत नसे, कारण कागद दुसऱ्याच्या कपाटात. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आठव्या आवृत्तीत उत्पादक गटालाच कायदेशीर अस्तित्व देण्याची तरतूद आली, तिचे स्वागत आहे. पण गटाची नोंदणी, नोंदवही, अपेडाच्या ‘ट्रेसनेट’ या ऑनलाइन नोंद प्रणालीवरची भरणी हे सगळे इंग्रजीत आणि सल्लागाराच्या हातात राहिले, तर नाव गटाचे आणि चावी जुन्याच मालकाकडे, असे होईल.

शहराचा विकास आराखडा करताना १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि हरकत घेणाऱ्याची सुनावणीही होते. कापसाच्या मानकाच्या बाबतीत मसुदा इंग्रजीत, संकेतस्थळावर, ठरावीक दिवसांसाठी असतो आणि उत्तरे ऑनलाइन तक्त्यात भरायची असतात. कापसाचे उत्पादक, वेचणीच्या बाया, जिनवरचे हमाल यांच्यापैकी कोणी तो तक्ता भरेल, अशी अपेक्षाच त्यात दिसत नाही. पुढचा मसुदा मराठीत, हिंदीत, गुजरातीत, ओडियात निघावा. त्याचे वाचन कृषी विज्ञान केंद्रात आणि बाजार समितीच्या आवारात व्हावे, तोंडी सांगितलेली हरकत लिहून घेऊन तिची पोच द्यावी, आणि कोणती सूचना का नाकारली हे प्रत्येक हरकतीपुढे लिहून प्रसिद्ध करावे. तारखा ठरवताना जून-जुलैची पेरणी आणि ऑक्टोबर ते जानेवारीची वेचणी टाळावी. फेब्रुवारी ते मे या काळात बोलावले तर गावे येतील.

आपले विश्वासू,
सेंद्रिय कापूस गटांचे अंतर्गत निरीक्षक व जिनिंग पर्यवेक्षक,
विदर्भ