निदान तारीख तरी सांगा : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : जप्त मालमत्तेच्या प्रामाणिक खरेदीदारांबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असाल, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. जमेलसं दिसत नाही.

२०१९ साली मी पावणेतीन गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतला. विकणारा माणूस दामदुप्पट देणाऱ्या एका कंपनीचा संचालक. पुढे कंपनी बुडाली, संचालक आत गेले. गेल्या आठवड्यात मला विशेष न्यायालयाची नोटीस आली : ही खरेदी सद्भावनेने आणि मोबदला देऊन झाली हे दाखवा, नाहीतर एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या राज्याच्या कायद्याखाली जप्ती. पंधरा रुपये भरून सातबारा काढला, तर 'इतर अधिकार' या रकान्यात जप्तीची नोंद आधीच पडलेली. म्हणजे मला विचारायच्या आधीच.

हा विषय गृह खात्याचा आहे, असं उत्तर कृपया पाठवू नका. सातबारा तुमचा, दुय्यम निबंधक तुमचे, मुद्रांक शुल्कही तुमच्याच तिजोरीत गेलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो. इंग्लंडच्या राजेराण्यांचे जुलूम मुलांना रंगवून सांगायचो. आता नोटीस हातात घेऊन बसलो की वाटतं, ते लोक आपल्यापेक्षा नियमाने वागत होते. राजद्रोह सिद्ध झाला की फितुराची जमीन राजाची, आणि तीही शिक्षेच्या दिवसापासून नव्हे, गुन्हा घडला त्या दिवसापासून. मधल्या काळात त्याने विकलेली, गहाण टाकलेली, मुलीला दिलेली जमीन, सगळे व्यवहार रद्द. घेणाऱ्याने पैसे मोजले असले तरी रद्द. क्रूर आहेच. पण गुन्ह्याच्या आधी झालेल्या विक्रीला ते हात लावत नसत. आणि जंगम मालाला हा मागे जाणारा नियम लागूच नव्हता; शिक्षा होईपर्यंत आरोपीने पोटापाण्यासाठी प्रामाणिकपणे काही विकलं, तर घेणाऱ्याचं ते पक्कं. मी त्या काळी फितुराकडून बैल घेतला असता तर माझ्या गोठ्यात राहिला असता. मी पडलो जमीन घेणारा!

सर फ्रान्सिस एंगलफिल्डचं प्रकरण तर आपल्या विधी विभागाने वाचावंच. हा कॅथलिक सरदार सोळाव्या शतकात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यातून निघून स्पेनला जाऊन राहिला. बर्कशरमधली जहागीर त्याने पुतण्याच्या नावे करून ठेवली, पण एक मेख मारून : आपण पुतण्यापुढे सोन्याची अंगठी धरली की हा करार रद्द. पुढे तो राजद्रोही ठरला. राणीच्या वकिलांनी म्हटलं, त्याचं सगळं राणीचं, तर करार मोडायचा हा हक्कही राणीचाच. खटला चालला, आणि १५९३ मध्ये त्यासाठी संसदेत खास कायदा झाला. राणीच्या माणसांनी पुतण्यापुढे अंगठी धरली आणि जहागीर गेली. लबाडीच होती. पण त्या लबाडीसाठीसुद्धा राणीला न्यायालयात उभं राहावं लागलं, संसदेत जावं लागलं, एक अंगठी तरी पैदा करावी लागली. माझ्या सातबाऱ्यावर कोणीतरी एक ओळ टाइप केली.

इंग्लंडने ही जप्ती १८७० मध्ये मोडीत काढली. आपल्याकडे मात्र त्याच इंग्रजांनी दंडसंहितेच्या कलम १२१ मध्ये, म्हणजे सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या गुन्ह्यासाठी, ती ठेवली. बाबाराव आणि विनायकराव सावरकरांना १९०९-१० मध्ये जन्मठेपेबरोबर मालमत्ता जप्तीचीही शिक्षा झाली, ती याच कलमाखाली. १९२१ मध्ये इंग्रजांनीच ती तरतूद काढून टाकली. परक्या सरकारला जे सुचलं, ते आपल्याला सुचायला कोणाची परवानगी हवी आहे?

ठेवीदारांचे पैसे बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करू नका, असं मी म्हणत नाही. जरूर करा. बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर सरकवलेलंही ओढून आणा. पण मला आता वकिलांकडून कळतंय की त्या कंपनीविरुद्ध ठेवीदारांचे तक्रार अर्ज २०१८ पासून पोलिसांकडे पडून होते. सरकारला माहीत होतं. तरी २०१९ मध्ये त्याच सरकारच्या दुय्यम निबंधकासमोर माझा अंगठा घेतला, फोटो काढला, मुद्रांक शुल्क घेतलं, वर नोंदणी फी घेतली. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट निष्कलंक आला. एका खिडकीत शिक्का मारायचा आणि दुसऱ्या खिडकीतून 'तुमची सद्भावना सिद्ध करा' म्हणायचं! सद्भावना ही काय रेशनकार्डाला जोडायची झेरॉक्स आहे?

आणि घेणाऱ्याला आधी सावध करणं, किंवा निदान तारीख ठरवून देणं अशक्य होतं असंही नाही. दाव्यात अडकलेल्या जमिनीच्या विक्रीबाबत मुंबई प्रांताने १९३९ सालीच कायदा बदलला : दाव्याची नोटीस नोंदवलेली असेल तरच घेणारा बांधला जाईल. शेअर घोटाळ्यानंतरच्या १९९२ च्या विशेष न्यायालय कायद्यानेसुद्धा कुठल्या काळातले करार रद्द होऊ शकतात ते सांगून टाकलं : १ एप्रिल १९९१ नंतरचे, ६ जून १९९२ पर्यंतचे. एमपीआयडीच्या कलम ८ मध्ये, म्हणजे ज्याखाली माझ्यासारख्या घेणाऱ्यांना नोटीस येते त्यात, अशी तारीखच नाही. किती मागे जाणार? माझ्या मुंजीपर्यंत?

माझी सगळी ग्रॅच्युइटी त्या प्लॉटमध्ये आहे. बांधकाम परवानगी अडकली, म्हणून या वयात भाड्याच्या घरात जिना चढतो. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन 'प्लॉटचं मिटलं की' म्हणून पुढे ढकललंय. ती काही बोलत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. सुनावणीला गेलो तर बाहेर उभे असलेले ठेवीदार मला त्या संचालकाचा माणूस समजले. एक म्हातारी माझ्या अंगावर धावून आली. तिचं तरी काय चुकलं? तिचेही पैसे गेले, माझेही गेले, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर! संचालक जामिनावर आहे. गाडी जुनी वापरतो म्हणे आता.

मोठ्यांचं वेगळंच असतं. दहा वर्षांत राजकारण्यांवर ईडीची १९३ प्रकरणं, शिक्षा दोनांत. हे सरकारनेच मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितलं. बाकीच्यांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक, काही तर तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसत असतील. त्यांना सद्भावनेचा पुरावा मागितल्याचं ऐकिवात नाही. पक्ष बदलला की सद्भावना आपोआप सिद्ध होत असावी. आमच्यासारख्यांना बदलायला पक्ष नाही, फक्त तारीख मिळते, तीही पुढची.

तेव्हा मागणी एवढीच. ठेवीदारांची पहिली तक्रार आली की त्याच आठवड्यात कंपनी आणि संचालकांच्या सातबाऱ्यावर, प्रॉपर्टी कार्डावर तशी नोंद पडावी, आणि ती इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत, दिसावी. त्या नोंदीआधी नोंदणीकृत खत करून, बँकेतून पैसे देऊन घेतलेली जागा, खरेदीदार संचालकाचा नातेवाईक नसेल तर, जप्तीतून वगळावी. व्यवहार रद्दच करायचा असेल, तर सरकारने घेतलेलं मुद्रांक शुल्क व्याजासह परत करावं. जो व्यवहार झालाच नाही, त्याच्यावर कर कसला?

गृहमंत्र्यांनाही प्रत पाठवली आहे. दोघांपैकी कोणाकडून तरी 'आपला अर्ज योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवला आहे' असं छापील पत्र येईलच. ते पाठवू नका, ते माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
(सातबाऱ्यावर अजून तरी भोगवटादार)