कॉमर्सच्या सरांना, एका सायन्सवालीकडून

आदरणीय सर,
सा. न.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा अप्पांच्या आधी तुम्हाला फोन लावावा वाटलं, पण धीर झाला नाही. बोलायला गेले की रडू येतं. म्हणून लिहिते, आणि मुद्दाम चारचौघांत लिहिते.

काम बीआरएसआर अहवालाचं आहे, म्हणजे कंपनीने पर्यावरण आणि समाजाप्रती जबाबदारी कशी पाळली याच्या वार्षिक अहवालाचं. बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून तो बंधनकारक केलाय. पाणी किती उपसलं, वीज किती जाळली, कचरा कुठं गेला, सगळा हिशोब मांडायचा. त्याला पर्यावरण कळणारं माणूस लागतं आणि ताळेबंद वाचणारंही. मुलाखतीत मला दोन्हीकडचं विचारलं आणि दोन्हीकडचं आलं.

हे आज सरळ वाटतं. पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करताना फायनान्सच्या तासाला बसू द्या म्हणून मी माझ्याच कॉलेजात विनवण्या करत होते, तेव्हा ऑफिसच्या खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "शाखा वेगळी आहे." २०२० च्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय शिकायची मुभा आहे म्हणे. ती कागदावर होती, खिडकीपर्यंत पोचली नव्हती. एका प्राध्यापकांनी तर सगळ्यांसमोर विचारलं, "झाडंवालीला शेअर बाजार कामून पाहिजे?" वर्ग हसला. पर्यावरणाचा पेपर प्रत्येक पदवीला सक्तीचा आहे, १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं म्हणून. तो आदल्या रात्री गाइड चाळून काढलेली मंडळीच हसत होती. त्या प्राध्यापकांचं नाव घेत नाही, त्यांचं त्यांना कळेल.

मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून रस्त्यापलीकडच्या कॉलेजात तुमच्याकडे आले. परवानगीचं कसं जमवलंत ते मला अजून माहीत नाही, आणि तुम्ही सांगणारही नाही. "बस," एवढंच म्हणालात.

मी शेवटच्या बाकावर बसले. हजेरी सुरू झाली. माझं नाव यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी वहीत तारीख टाकत होते. शेवटचा नंबर झाल्यावर तुम्ही थांबलात, खिशातून पेन काढलात, नाव विचारलंत आणि हजेरीपटाच्या तळाशी लिहिलंत. रोल नंबरच्या रकान्यात लिहिलंत 'पर्यावरण'. त्यानंतर वर्षभर शेवटी माझं नाव पुकारलं जायचं. त्या हजेरीला कुठल्याच ऑफिसात किंमत नव्हती. तुम्हाला ते माहीत होतं, मलाही. तरी एखाद्या दिवशी मी नसले तर दुसऱ्या दिवशी विचारायचात, "काल कुठं होतीस?" सर, फुकट बसलेल्या पोरीला हे कोण विचारतं? घरी परतताना बसमध्ये मला तेच आठवायचं. शिकवलेलं नंतर आठवायचं.

शिकवलेलंही विसरले नाही म्हणा. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते तुम्ही फळ्यावर घेतलंत. सहा कोटी लिटरहून जास्त पाणी, रेल्वेचं बिल चार कोटींचं, म्हणजे लिटरमागे साधारण पासष्ट पैसे. पोरं म्हणाली, स्वस्तच की! तुम्ही माझ्याकडे वळलात, "पर्यावरण, हा पूर्ण खर्च आहे का?" मी उठून मांजरा धरण कोरडं पडल्याचं, बोअर खोल खोल गेल्याचं, उसाला गेलेल्या पाण्याचं बोलत सुटले. तुम्ही ते बिलाखाली एकेक ओळीत मांडलंत आणि पुढे रकमेची जागा रिकामी ठेवलीत. म्हणालात, "हे रकाने भरायला शिक, तुझा धंदा हाच."

एकदा मात्र मी चिडले होते. वीस वर्षांनी मिळणारे शंभर रुपये दरसाल दहा टक्के व्याजाच्या हिशोबाने आजच्या किमतीत आणले की जेमतेम पंधरा उरतात, हे तुम्ही दाखवलंत. म्हणजे आज चिंच लावणारा माणूस येडाच ठरतो की, असं मी तावातावाने म्हणाले. तुम्ही हसलात. "राग बरोबर आहे तुझा. पण आधी गणित कर, मग भांड. दहाच टक्के का, हे विचार." मुलाखतीत मी हेच विचारलं. समोरचे साहेब जरा सावरून बसले!

आपल्याकडे दुष्काळावर भाषणं ठोकणारे पोत्याने सापडतील. चांगुलपणा बहुधा तुमच्यासारखाच असतो, गाजावाजा न करता आपला तास घेत बसलेला. अप्पा म्हणतात, असल्या माणसांमुळंच पेरायचं धाडस होतं.

एक विनंती आहे, रागावू नका. आमच्या शेजारच्या गावची एक पोरगी यंदा बी.एस्सी.ला आहे, तिलाही फायनान्स शिकायचंय. तुम्हाला न विचारताच तिला तुमचा पत्ता दिलाय. सोमवारी येईल. लाजते फार, पण गणित चांगलं आहे तिचं.

आपली विद्यार्थिनी