रविवारच्या चित्रपटाविषयी सभासदांना सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता कोल्हापुरात राजारामपुरीतील आपल्या नेहमीच्या सभागृहात डेनी विलनव्ह दिग्दर्शित ‘प्रिझनर्स’ (२०१३) हा इंग्रजी चित्रपट दाखविण्यात येणार आहे. चित्रपट १५३ मिनिटांचा असून मध्यंतर होणार नाही.

एरवी आपल्यापैकी अनेक जण मुलांना बरोबर आणतात. या वेळी मात्र कृपया आणू नये. चित्रपटात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका गावात थँक्सगिव्हिंग या सणाच्या दिवशी दोन लहान मुली नाहीशा होतात, पोलीस संशयावरून पकडलेल्या तरुणाला पुराव्याअभावी सोडून देतात, आणि मग त्यांपैकी एकीचा बाप, जो एरवी देवभीरू, कुटुंबासाठी राबणारा सुतार आहे, त्या तरुणाला स्वतःच कोंडून मुलीचा ठावठिकाणा वदवून घेण्यासाठी छळू लागतो. ही मारहाण पाहणे प्रौढांनाही जड जाते. तरीही ह्यू जॅकमन यांनी त्या बापाचा संताप आणि त्याची प्रार्थना अशा काही ताकदीने उभी केली आहे की, त्याची चीड येत असतानाही त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न पाठ सोडत नाही. रॉजर डीकिन्स यांच्या छायाचित्रणाला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. त्यातील पाऊस आणि अंधूक उजेड नीट दिसावा यासाठी सभागृहात पूर्ण काळोख केला जाईल, म्हणून सर्वांनी वेळेपूर्वी स्थानापन्न व्हावे.

चित्रपटानंतर लगेच चर्चा होईल. ज्यांना शेवट ठाऊक आहे त्यांनी तो आधी कोणालाही सांगू नये, ही आग्रहाची विनंती.