यादी नको, एका पुस्तकाबद्दल लिहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आपल्या पुरवणीत वाचकांनी वर्षभरात काय वाचले त्याच्या याद्या आल्या. मी त्या सगळ्या वाचल्या. कुणी पन्नास पुस्तके वाचली होती, कुणी साठ. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि पुढे चांदण्या. पण ते पुस्तक वाचताना त्या माणसाला काय झाले, कुठे थांबावेसे वाटले, कुणाला फोन करून सांगावेसे वाटले, हे एकाही यादीत नव्हते. एवढी वाचणारी माणसे आपल्या भागात आहेत आणि त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचत नाही, याचे मला वाईट वाटले. म्हणून हे पत्र.

मी तासगाव तालुक्यातली. आमची द्राक्षबाग आहे, थोडा माल बेदाण्याला जातो. वाचायला वेळ मिळतो तो बाग देईल तेव्हा. एप्रिलची खरड छाटणी उरकली की भर दुपारी उन्हात कुणी बाहेर नसते, तेव्हा वाचन होते. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की दावण्या आणि भुरी या वेलीच्या रोगांची धास्ती, ढग आले की फवारणी, तेव्हा पुस्तक उशालाच राहते. गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर वर्षभराचा वाचनसंकल्प ठरला. दर महिन्याला एक प्रकार: आत्मचरित्र, ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाचे पुस्तक, शाळेत धड्यापुरते वाचलेले पुस्तक आता पूर्ण, आपल्या जिल्ह्यातल्या लेखकाचे पुस्तक, असे. मला हा शेवटचा प्रकार इतका लागला की मी त्याच्यातून वर्षभर बाहेरच आले नाही.

सुरुवात 'बनगरवाडी'ने केली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर जातो, शाळेत पोरे येत नाहीत कारण पोरे मेंढरांमागे असतात, म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो, एवढे शाळेतल्या धड्यामुळे ठाऊक होते. धड्यात नव्हती ती शेकूची बायको. शेकूकडे एकच बैल, जोडीला दुसरा मिळत नाही आणि पेरणीची वेळ निघून चाललेली. मग ती बाई जुवाला स्वतःचा खांदा लावते. माडगूळकर हे सांगताना एकही शब्द वाढवत नाहीत. तिची कीव करत नाहीत, तिला देवी करत नाहीत. मी तिथे पुस्तक मिटले आणि बागेत जाऊन उभी राहिले. आमच्या घरात आजेसासूबद्दल असेच काही बोलले जायचे, पण ते कुणी कधी पूर्ण सांगितले नाही. ती हयात असताना मी विचारले नाही, आता विचारायला कुणी नाही.

वाडीवर तालीम बांधायची मास्तरची धडपड आणि उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. आटपाडीकडचा हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे किती आग्रही होते हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांकडून ऐकलेले. तालमीच्या उद्घाटनाला राजा धनगरांच्या वाडीपर्यंत येतो हे बाहेरच्या वाचकाला कदाचित गोष्टीतले वाटेल, आम्हाला नाही वाटत.

शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. माझी नणंद आटपाडीकडच्या गलाईवाल्यांच्या घरात दिली आहे. खानापूर-आटपाडीची ही माणसे सोने-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. नणंदेचे घर तमिळनाडूत आहे. मी तिला शेवटचे प्रकरण फोनवर वाचून दाखवले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वहिनी, आमचा आज्जा असाच गेलता. त्यावेळी काय गलाई शिकायला न्हाय गेला, पोट भरायला गेला." आज टेंभू उपसा योजनेचे पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलून आटपाडीपर्यंत आले आहे, तिथे डाळिंबाच्या बागा आहेत. तरी नणंदेच्या गावातली निम्मी घरे चांगली बांधलेली आणि कुलूपबंद आहेत, जत्रेला उघडतात. 'बनगरवाडी'चा शेवट वाचल्याशिवाय ती कुलपे समजत नाहीत, असे मला मनापासून वाटते.

यानंतर मी शंकरराव खरातांचे आत्मचरित्र 'तराळ-अंतराळ' शोधले. एका वाचनालयात प्रत होती पण कपाटात, तिथेच बसून वाचायची, घरी न्यायची नाही. बागेचे काम सोडून मी रोज तिथे जाऊन बसणार कशी? शेवटी पुतणीच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळाले. खरात आटपाडीचे, जन्म १९२१ चा. पुढे वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे सगळे पुस्तकाच्या मागे छापलेले असते. पुस्तकाच्या आत काय आहे ते ऐका. विहिरीत प्रेत सापडले आहे. महार गावकामगार, म्हणजे तराळ, म्हणून वडिलांना ते राखायला बसवले आहे, पोटात अन्न नाही. मुलगा भाकरी घेऊन येतो. मग पोलीस त्यांनाच विहिरीत उतरायला लावतात, कारण प्रेताला हात लावायचे काम गावाने त्यांच्याच अंगावर टाकलेले. आणि हे सगळे काठावर उभा राहून तो मुलगा बघतो आहे.

त्या पानावर मला 'बनगरवाडी' आठवली. दोन्ही लेखक एकाच आटपाडी तालुक्यातले, वयात जेमतेम सहा वर्षांचे अंतर, माती तीच, दुष्काळ तोच, राजा तोच. माडगूळकरांच्या मास्तरला शाळेच्या दारातून जे गाव दिसते ते खरेच आहे, त्यात एक अक्षर खोटे नाही. पण त्याच मुलखात काठीला घुंगरू बांधून दारोदार वर्दी देत फिरणारा तराळ त्या दारातून दिसत नाही. त्याच्यासाठी खरातांच्या घरातच जावे लागते. एक वाचून दुसरे न वाचणारा माणूस आटपाडीकडचा हा दुष्काळी माणदेश अर्धाच बघतो. आमच्या गटावर मी हे लिहिले तर पहिला प्रश्न आला, "ताई, मग याचे दोन मोजायचे का एक?"

हा मोजण्याचा सोस मला समजत नाही. आमच्या जवळच्याच एका वाचनालयात वर्षअखेरीला सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस ठेवले होते. झाले काय, तर डिसेंबरात पातळ पुस्तकांची कपाटे रिकामी झाली. ज्याने चार महिने 'स्मृतिचित्रे' घेऊन घालवले त्याला कुणी विचारले नाही. पोरांना वाचनाची गोडी लागावी म्हणून केलेली गोष्ट होती, हेतू चांगलाच होता. पण पोरे हुशार असतात, ज्याला बक्षीस त्याच्यामागे लागतात.

बेदाण्याच्या हंगामात अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' घेतली. शेडवर निवडणीला बायका येतात. रॅकवरून उतरलेला माल पुढ्यात ओतलेला, काड्या काढायच्या, काळा मणी बाजूला टाकायचा, हात चालू आणि कान मोकळे. मोबाइलवर गाणी लागतात त्याऐवजी मी वाचून दाखवते म्हटले. पहिल्या दिवशी दोघी-तिघी हसल्या. फकिराचा बाप राणोजी शेजारच्या गावची जोगणी आणायला निघतो (जोगणी ज्या गावात, जत्रा त्या गावाची), तिथपर्यंत आल्यावर हसू थांबले. राणोजी मारला गेला त्या पानावर हात थांबले. वारणेकाठचे माहेर असलेली एक मावशी म्हणाली, "गावाला जत्रा मिळाली. राधाला काय मिळालं? म्होरं वाचा, राधाचं काय झालं त्ये सांगा आधी." शौर्याची कादंबरी म्हणून 'फकिरा'वर कितीतरी भाषणे मी ऐकली आहेत. राणोजीच्या बायकोचा प्रश्न पहिल्यांदा त्या मावशीने विचारला. त्यानंतर मी वाचताना सगळीकडे राधालाच शोधत होते.

दुष्काळात वस्ती उपाशी मरू लागते आणि फकिरा धान्य लुटतो, तेव्हा शेडमध्ये त्याला कुणी चोर म्हटले नाही. विष्णुपंतांसारखा माणूस त्यांच्या पाठीशी उभा राहतो ते ऐकून मात्र एकीने विचारले, "खरंच असं असतंय व्हय?" यावर बराच वाद झाला, मी त्यात पडले नाही. अण्णा भाऊंचा जन्म १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही, आणि 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अर्पणपत्रिका वाचून दाखवली तेव्हा त्या मावशीने हातातला बेदाणा खाली ठेवला आणि पदर नीट केला.

'फकिरा' १९५९ ची. 'ययाति'ही १९५९ ची. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले, मराठीला पहिले ज्ञानपीठ त्यांच्यामुळे १९७४ साली मिळाले, त्यामुळे संकल्पातला ज्ञानपीठाचा महिना मी त्यांना दिला. स्पष्ट लिहिते, ययाती राजाचे स्वतःबद्दलचे उमाळे मला झेपले नाहीत. मुलाचे तारुण्य मागणाऱ्या बापाचे मी किती ऐकून घ्यायचे? वाचनालयाच्या प्रतीत आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने सुविचारांखाली इतक्या रेघा मारल्या होत्या की काही पानांवर रेघ नसलेली ओळ शोधावी लागे. मला रेघा नसलेली पाने आवडली. शर्मिष्ठा बोलू लागते तेव्हा खांडेकरांची भाषा एकदम जमिनीवर येते. तान्ह्या पुरूला घेऊन लपत फिरणारी ती राजकन्या आमच्या शेडवरच्या बायकांना नक्की कळली असती. पण हंगाम संपला होता, शेड रिकामी होती. एकाच साली या जिल्ह्यातल्या दोन लेखकांनी लिहिले, एकाने हव्यास न संपणाऱ्या राजाबद्दल, दुसऱ्याने भाकरीसाठी जीव देणाऱ्या माणसाबद्दल. दोन्ही ओळीने वाचून बघा, एवढेच म्हणेन.

आणि 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र. लक्ष्मीबाई टिळक आमच्या जिल्ह्याच्या नव्हेत, पण त्यांच्या नवऱ्याची, रेव्हरंड टिळकांची, शेवटची वर्षे साताऱ्याशी जोडलेली, म्हणून मी त्यांना शेजारचे धरले. वडिलांचे ते सोवळे, घरात येणारे धान्यसुद्धा धुऊन घेणारे, त्या घरातली ही मुलगी. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिचे जगच मोडले. आणि काही वर्षांनी ती स्वतःच्या पायांनी त्याच्याकडे गेली, आणि आणखी पुढे जातीचे सगळे मनातून काढून टाकले. हे त्या कुठेही मोठेपणा न घेता सांगतात. मी खरडीच्या दुपारी हसत होते आणि डोळे पुसत होते, सासूबाईंनी दोनदा येऊन विचारले काय झाले म्हणून. मग त्याच रोज जेवल्यावर "आज काय केलं टिळकांनी?" म्हणून विचारू लागल्या. सासूबाईंना वाचता येत नाही. आमच्या दोघींचे लग्नापासून जेवढे बोलणे झाले नसेल तेवढे त्या दोन महिन्यांत झाले. याला यादीत कुठल्या रकान्यात लिहायचे?

आता मागणे. पुढच्या वेळी आपण याद्या मागवू नयेत. एका वाचकाने एका पुस्तकाबद्दल दीडशे शब्द लिहावेत, कुठले पान, कुणाला वाचून दाखवले, काय पटले नाही. नावाजलेल्या समीक्षकांनी नव्हे, आमच्यासारख्यांनी. पुन्हा वाचलेले पुस्तकही चालेल, ऐकलेले पुस्तकही चालेल, म्हणजे आमच्या शेडवरच्या मावशीला आणि सासूबाईंनाही त्यात जागा मिळेल. त्यांचे मी लिहून घेईन. दर आठवड्याला तीन पत्रे छापलीत तरी पुरे.

दुसरे, वाचनालयांच्या चालकांना आपल्या पत्रातून सांगणे. २०१९ च्या महापुरात सांगलीत वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्यात गेली, त्यानंतर जुन्या प्रती कुलपात ठेवण्यामागची भीती मला कळते. पण 'तराळ-अंतराळ'सारख्या पुस्तकाची एक प्रत कपाटात ठेवायची असेल तर दुसरी घरी न्यायला द्या. मागणी नाही असे सांगितले जाते. मागणी करायला आधी पुस्तक दिसावे लागते.

माडगूळकर आणि खरात यांच्या दोन पुस्तकांवर दीडशे शब्द लिहायला मी आजही तयार आहे. फेब्रुवारीत माल शेडवर येऊ लागतो, मग रात्रीसुद्धा हात मोकळा नसतो. त्याआधी कळवलेत तर लगेच पाठवते.

कळावे,
आपली,
एक वाचक
(ता. तासगाव, जि. सांगली)